नेमणुकीचें पत्र आणि घरची पंगत

महाराष्ट्रीय गृहस्थाच्या घरीं आनंदाच्या प्रसंगांना तोटा नाहीं, आणि रूढीनें जवळजवळ प्रत्येक प्रसंगाला त्याचें त्याचें जेवण नेमून दिलेलें आहे. बारशाला घुगऱ्या हव्यात, मुंजींत मातृभोजन हवें, डोहाळजेवणांत गर्भिणीला जें आवडेल तें तिच्यापुढें मांडलें पाहिजे. सण तर सगळे जेवणावरूनच ओळखावे: संक्रांतीचा तिळगूळ, नागपंचमीचीं दिंडें, पोळ्याची पुरणपोळी. परंतु मुलाला नोकरी लागली तर त्या दिवशीं काय शिजवावें, याविषयीं धर्मसिंधूंत एक अक्षर सांपडणार नाहीं. इ. स. १७९० च्या सुमारास पंढरपुरास काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनीं तो ग्रंथ सिद्ध केला, तेव्हां वतन बापाकडून मुलाकडे येत असे आणि चाकरी धन्याच्या मर्जीनें मिळत असे. परीक्षा देऊन मिळणारी, टपालानें कळणारी आणि महिन्याच्या ठराविक तारखेस ठराविक रुपये घरांत आणणारी नोकरी ही वस्तूच त्या काळीं नव्हती. ती वस्तु वऱ्हाडांत आली, तेव्हां तिचें स्वागत कोणत्या ताटानें करावें हें घराघरांतील बायकांना स्वतःच ठरवावें लागलें. त्यांनीं तें कसें ठरविलें, त्या ताटाभोंवतीं कोण बसलें आणि कोणाला बसतां आलें नाहीं, ही हकीकत अमरावती व अकोला या दोन शहरांच्या गेल्या दीडशें वर्षांच्या इतिहासाचाच एक भाग आहे. राजकीय इतिहासाच्या पुस्तकांत मात्र तिला जागा मिळालेली नाहीं.

राजकीय भाग थोडक्यांत सांगण्यासारखा आहे. १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या हवालीं केला. पुढें कारभाराचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग होऊन पूर्वेचें ठाणें अमरावतीस आणि पश्चिमेचें अकोल्यास झालें. कचेऱ्या आल्या, मुन्सफांचीं न्यायालयें आलीं, इंग्रजी शाळा, टपाल आणि तारघरें आलीं. १८६७ सालीं आगगाडी अकोला-बडनेऱ्यावरून नागपुरास पोंचली. त्याच दशकांत अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचे भाव असे भडकले कीं 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' हे शब्द अक्षरशः खरे वाटावे. युद्ध संपलें आणि भाव कोसळले. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी' ही म्हण वऱ्हाडी शेतकऱ्याच्या जिभेवर पिढ्यान्‌पिढ्या होती. तिचा क्रम उलटविण्याचें काम कोणा उपदेशकानें केलें नाहीं. तें कापसाच्या भावानें आणि पावसानें केलें. १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्याहूनहि भयंकर असा १८९९-१९०० चा दुष्काळ ज्यांनीं पाहिला, त्यांना एक गोष्ट कायमची कळली. ती ही कीं, पगाराला पाऊस लागत नाहीं. काळ्या मातीचे धनी असलेलीं घरेंहि तेव्हांपासून आपल्या एका तरी मुलाकडे कचेरीच्या वाटेनें पाहूं लागलीं.

नोकरीची बातमी घरीं येई ती बहुधा पाकिटांतून. क्वचित् तार येई, आणि तार आली कीं घरांत प्रथम रडें सुरू होण्याचाच संभव अधिक. कारण त्या काळीं तार म्हणजे मृत्यूची वार्ता अशीच सर्वसाधारण समजूत होती. इंग्रजी वाचणारा कोणी आळींतून बोलावून आणावा, त्यानें ती उलगडावी, आणि मग श्वास खालीं बसावा, असा प्रकार होई. बातमी चांगली आहे असें कळतांच पहिली गोष्ट देवापुढें साखर ठेवण्याची. साखर नसेल तेथें गुळाचा खडा. त्यानंतर पेढे. पेढे वांटण्याची चाल मोठ्या शहरांतून आली असो वा येथलीच असो, तिच्यांत एक सूक्ष्म विवेक आहे. पेढा हलवायाच्या दुकानांतला असतो, त्याला घरची चूल लागत नाहीं, आणि तो घेणाऱ्याला आपल्या उंबरठ्याच्या आंत यावें लागत नाहीं. पेढे हे आळीसाठीं, कचेरीसाठीं, शाळेच्या मास्तरांसाठीं. घरच्यांसाठीं चूल पेटली पाहिजे.

चूल पेटे ती पुरणाची. याचें कारण केवळ पुरणपोळी गोड आहे एवढेंच नव्हे. वऱ्हाडचें रोजचें अन्न ज्वारीची भाकरी, तुरीचें वरण अथवा पिठलें, आणि मिरचीचा ठेचा. गव्हाची पोळी ही पाहुण्याची आणि सणाची. तांदूळ येथें पिकत नाहीं म्हटलें तरी चालेल. तो पूर्वेकडून, भंडाऱ्याच्या बाजूनें यावयाचा, म्हणून साध्या वरणभातालाहि या भागांत एक प्रतिष्ठा आहे. अशा घरांत पुरणावरणाचा स्वयंपाक म्हणजे गहूं, हरभऱ्याची डाळ, गूळ आणि तूप या चार वस्तूंचा एकत्र मेळ. यांतील एकहि जिन्नस रोज ताटांत पडणारा नव्हे, आणि तरीहि खातीपीती शेतकरी कुटुंबें ज्यांना म्हणतात त्यांच्या घरीं यांतला एकहि बाजारांतून आणावा लागत नसे. गृहिणीची सारी वर्षभराची साठवण त्या एका दिवशीं ताटांत उतरे. कणग्यांतला गहूं, माळ्यावरची गुळाची ढेप, शिंक्यावरचें तूप, उन्हाळ्यांत वाळवून डब्यांत भरलेल्या कुरड्या आणि पापड. तळणाला भजीं आणि वडे. डाळीच्या कटाचें सार आणि एका बाजूला कढी. परीक्षांचे निकाल पुष्कळदां आंब्याच्या दिवसांत लागत, तेव्हां पुरणाची जागा आमरस घेई आणि बायकांना थोडी उसंत मिळे.

उसंत हा शब्द येथें मुद्दाम वापरला आहे. पुरण शिजवणें हें जेवणाऱ्याला वाटतें तितकें सोपें काम नाहीं. डाळ मऊ शिजली पाहिजे पण पाणचट होतां कामा नये. कट वेळेवर निथळला पाहिजे. गूळ घालून आटवितांना हात थांबला कीं पुरण खालीं लागतें. मग तें गरम असतांनाच पाट्यावर वाटावयाचें. पुरणयंत्र घरोघर येण्यापूर्वीं वीस-पंचवीस पानांचें पुरण वाटणें म्हणजे दोन बायकांचे खांदे भरून येण्याचें काम होतें. वऱ्हाडी पोळी पुरणानें ठासून भरलेली असते, वरचें आवरण नांवापुरतें; ती तव्यावर न फुटतां उलटणें ही एक स्वतंत्र विद्या आहे. आणि ती वाढावयाची तुपांत भिजवून. वाढणारीचा हात तुपाच्या बाबतींत आंखडला तर ती गोष्ट वर्षभर बोलली जाते.

नोकरीला शास्त्रांत संस्कार नसल्यामुळें तिला धर्माची जोड देण्याचें काम सत्यनारायणानें केलें. पुष्कळ घरांत पहिला पगार देवापुढें ठेवीत आणि मग पूजा घालून आप्तेष्टांना प्रसादाला व जेवणाला बोलावीत. ही निवड पाहिली तर मोठी मार्मिक आहे. स्कंदपुराणांतील म्हणून सांगितल्या जाणाऱ्या या कथेंत राजे आहेत, पण तिचा खरा नायक साधुवाणी आहे. तो व्यापारी आहे, लाभ झाला तर पूजा करीन असें बोलतो, आणि लाभ झाल्यावर आज नाहीं उद्यां म्हणून टाळतो. मिळकत झाली कीं देणें विसरण्याचा माणसाचा स्वभाव या कथेनें चांगला ओळखला आहे. परंतु शेवटच्या अध्यायांतील तुंगध्वज राजाची गोष्ट त्याहूनहि विचार करण्यासारखी आहे. रानांत गवळ्यांनीं मांडलेल्या पूजेचा प्रसाद राजानें नाकारला, म्हणून त्याचें सर्वस्व गेलें; तो परत गवळ्यांत जाऊन बसला आणि प्रसाद खाल्ला, तेव्हां तें परत मिळालें. अमरावतीच्या आणि अकोल्याच्या शेंकडों माजघरांतून ही कथा वाचली गेली. ऐकणारांपैकीं कितीजणांनीं उठल्यावर गवळ्यांच्या पंगतींत बसण्याची तयारी दाखविली असती, हा प्रश्न कथा वाचणाऱ्या भटजींनीं विचारला नाहीं आणि यजमानानेंहि विचारला नाहीं.

कारण पंगतीचा कायदा कचेरीच्या कायद्याहून निराळा होता. कचेरींत दोन निरनिराळ्या जातींचे कारकून शेजारीं बसत, एकाच शाईच्या दौतींत टांक बुडवीत. संध्याकाळीं एकाच्या घरीं बढतीचें जेवण असलें तर दुसऱ्याला पेढा मिळे. पळसाच्या पत्रावळीपुढचा पाट मिळत नसे. घरांतहि पंगतीला क्रम होता. आधीं देव, मग पुरुष आणि पाहुणे, मग मुलें, आणि सर्वांत शेवटीं ज्यांनीं तें सारें शिजविलें त्या. पहांटे सोवळें नेसून चुलीपुढें बसलेली सून दुपार कलतांना पानावर बसे, तोंपर्यंत पोळ्या निवलेल्या असत आणि भजीं बहुधा संपलेलीं असत. ज्याची नेमणूक झाली त्याची आई या शेवटच्या पंगतींत असे.

या बायकांच्या हातच्या स्वयंपाकाची नोंद इतिहासानें जवळजवळ कोठेंच ठेवलेली नाहीं. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांचें घर वऱ्हाडांत आतिथ्याबद्दल विख्यात होतें. लोक त्यांना 'वऱ्हाडचे नबाब' म्हणत. १८८५ ते १८९० या काळांत सरकारी नोकरींत मुन्सफ आणि एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर म्हणून राहून त्यांनीं ती सोडली आणि अमरावतीस वकिली मांडली. १८९७ च्या डिसेंबरांत अमरावतीस राष्ट्रीय सभा भरली, तिच्या स्वागत समितीचे ते अध्यक्ष होते. सरकारी नोकरी लागण्याचा आनंद जसा असतो तसा ती सोडण्याचाहि असूं शकतो, हें त्या शहरानें अशा उदाहरणांवरून पाहिलें. दादासाहेबांनीं वर्षानुवर्षें रोजनिशी लिहिली. परंतु त्या भरलेल्या घराची चूल ज्यांनीं सांभाळली त्या लक्ष्मीबाईंच्या हातच्या ताटाचें वर्णन वाचावयाचें तर साईसच्चरिताकडे वळावें लागतें. शिर्डींत त्यांनीं नेलेल्या नैवेद्याच्या ताटांत शिरापुरी, वरणभात, खीर असे पदार्थ होते आणि साईबाबांनीं तें ताट इतरांचीं ताटें बाजूस ठेवून तत्काळ पुढें ओढलें, असें तेथें सांगितलें आहे. एका अमरावतीकर गृहिणीच्या स्वयंपाकाची नोंद ग्रंथांत उरली ती एका फकिरानें ती चवीनें खाल्ली म्हणून.

आतांपर्यंत जें वर्णन झालें तें मुख्यतः पांढरपेशांच्या घरचें. पहिल्या पिढीच्या नोकऱ्या आणि वकिली बव्हंशीं त्यांच्याकडे होती, आणि त्यांतील पुष्कळ कुटुंबें पुण्या-कोंकणांतून अथवा खानदेशांतून आलेलीं होतीं. रंगनाथ नरसिंह मुधोळकर हे मूळ धुळ्याचे. अमरावतीस वकिली करून ते १९१२ सालीं बांकीपूरच्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले. शेतकऱ्याच्या, कारागिराच्या आणि अस्पृश्य मानलेल्यांच्या घरीं नेमणुकीचें पत्र यावयाला आणखी एक-दोन पिढ्या जाव्या लागल्या. तेथील आनंदाच्या जेवणाचा इतिहास वेगळा आहे, आणि खरें म्हणजे तोच अधिक मोलाचा आहे.

या घरांत आनंदाचें जेवण म्हणजे पुरण असेंच नव्हतें. बहुजन समाजांत मोठ्या प्रसंगीं बकरें कापावें, भाकरी-रस्सा व्हावा आणि त्याबरोबर दारूहि असावी, ही सर्वमान्य रीत होती. आणि ती पाळण्यासाठीं सावकाराकडे जाणें हीहि रीतच होती. या रीतीला घरांतूनच धक्का देणारा माणूस अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवचा. १८७६ सालीं परिटाच्या घरीं जन्मलेले डेबूजी, म्हणजे पुढचे गाडगेमहाराज, यांचें बालपण अकोल्याकडील दापुरें या गांवीं मामाच्या घरीं गेलें. त्यांच्या पहिल्या मुलीच्या बारशाला जातभाई नेहमींच्या अपेक्षेनें जमले, आणि डेबूजीनें मांस व दारू टाळून गोडाचें जेवण वाढलें. पंगतींत रुसवेफुगवे झाले असतीलच. परंतु एका गरीब बापानें आपल्या घरच्या आनंदाचें ताट काय असावें हें जातीला न विचारतां ठरविलें, ही गोष्ट लहान नव्हे.

१९०५ सालीं घर सोडल्यानंतर या माणसानें अर्धशतक कीर्तनें केलीं. स्वतःला अक्षर येत नव्हतें, आणि जेवणाचें भांडें म्हणजे हातांतलें फुटकें गाडगें. कर्ज काढून सण करूं नका, हें तर ते सांगतच. पण त्यांचें सर्वांत जिव्हारीं लागणारें सांगणें ताटाविषयींचें होतें. जेवणाचें ताट मोडावें लागलें तरी मोडा, भाकरी हातावर घेऊन खा, पण मुलाला शाळेंत घाला, असा त्याचा आशय. ऐकणाऱ्याच्या घरीं पितळेचें एखाददुसरेंच ताट असे, आणि आधीच्या दुष्काळांत तें मोडीच्या भावानें गेलेलेंहि असे. म्हणून हा अलंकार नव्हता, हिशेब होता. शिक्षणाची किंमत रुपयांत न सांगतां ती भांड्यांत सांगितली, आणि ती वऱ्हाडांतल्या प्रत्येक बाईला तत्काळ कळली. कारण ताट मोडणें, डोरलें गहाण टाकणें, एका भावासाठीं दुसऱ्यानें शाळा सोडून वखरामागें जाणें आणि बहिणीनें शाळेचें तोंडहि न पाहणें, या सर्वांची बेरीज होऊनच त्या घरांतून एक मॅट्रिक निघत असे.

पुढच्या शिक्षणाची सोयहि घराजवळ नव्हती. हिस्लॉप कॉलेज १८८३ सालीं आणि मॉरिस कॉलेज १८८५ सालीं निघालें तें नागपुरास; अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज उघडावयाला १९२३ साल उजाडावें लागलें. याच सुमारास अमरावती जिल्ह्यांतील पापळ गांवच्या शेतकरी कुटुंबांतला एक तरुण एडिंबरो आणि ऑक्सफर्ड येथें शिकत होता. पंजाबराव देशमुख १९२० सालीं विलायतेस गेले, वेदवाङ्मयांतील धर्माच्या उगमावर प्रबंध लिहून डॉक्टर झाले, बॅरिस्टर झाले आणि १९२६ सालीं परत आले. त्यांनीं अमरावतींत श्रद्धानंद छात्रालय काढलें, तेथें निरनिराळ्या जातींचीं मुलें एका छपराखालीं राहूं लागलीं. १९३२ सालीं श्रीशिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. आज अकोल्याच्या कृषि विद्यापीठाला त्यांचें नांव आहे आणि अमरावतीच्या विद्यापीठाला गाडगेमहाराजांचें. एकानें शिकून शाळा काढल्या, दुसऱ्यानें न शिकतां मुलें शाळेंत धाडलीं.

१९२७ हें वर्ष अमरावतीच्या दृष्टीनें महत्त्वाचें. त्या वर्षीं अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न पेटला, आणि नोव्हेंबरांत वऱ्हाडांतील अस्पृश्य परिषद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालीं याच शहरांत भरली. देवळाचें दार आणि जेवणाची पंगत हे दोन प्रश्न वेगळे भासतात, पण ज्याला देवीपुढें उभें राहूं देत नव्हते त्याला पानावरहि बसूं देत नव्हते. अशा वस्तीतल्या घरीं जेव्हां कोणी मास्तर झाला, कोणी आगगाडीच्या कचेरींत लागला, तेव्हां झालेलें जेवण हें नुसतें कुटुंबाचें राहत नसे. सारी वस्ती जेवे. भाकरी असो वा पोळी, पदार्थाला तेथें दुय्यम स्थान होतें. आपल्यांतल्या एकाचें नांव सरकारी कागदावर, मजूर म्हणून नव्हे तर नोकर म्हणून लिहिलें गेलें, ही वार्ता प्रत्येकाच्या घरांत अन्नाच्या रूपानें पोंचली पाहिजे, अशी ती भावना होती. ज्यांनीं हातावर भाकरी खाल्ली होती त्यांच्यापुढें त्या दिवशीं ताट आलें. पुष्कळ घरांत पहिल्या पगारांतून खरी खरेदी झाली ती भांड्यांचीच.

सुदाम्याच्या मुठीभर पोह्यांची गोष्ट महाराष्ट्रांत सर्वांना ठाऊक आहे. वऱ्हाडांत वकिली करणाऱ्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीं तर आपल्या विनोदी लेखांच्या संग्रहालाच तें नांव दिलें. परंतु त्या गोष्टींत गरीब मित्र वैभवशाली मित्राच्या दारीं जातो. येथें वैभव, मग तें महिना वीस-पंचवीस रुपयांचें कां असेना, गरिबाच्या घरीं टपालानें चालत आलें, आणि पोहे आपल्याच माणसांत वांटावयाचे होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत धान्यावर नियंत्रण आलें आणि मोठ्या पंगती आपोआप लहान झाल्या. शहरांतल्या सुशिक्षितांनीं चहा-चिवड्याची सुटसुटीत चाल उचलली. पुढें हॉटेलें आलीं, मग तयार थाळ्या आल्या. याबद्दल गळा काढण्याचें कारण नाहीं. ज्या घरांत एकट्या बाईनें वीस पानांचें पुरण वाटलें आहे, तेथें चहा-चिवडा हीहि एक सुधारणाच होती. पेढ्याऐवजीं बर्फी आली आणि बर्फीऐवजीं केक आला, इतकाच फरक आळीपुरता झाला. घरच्या जेवणावर मात्र एका राजकीय घटनेचा अनपेक्षित परिणाम झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं विदर्भ मुंबई राज्यांत गेला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रांत आला. तोंवर वऱ्हाडी मुलाची राजधानी नागपूर होती, रात्रींत पोंचण्यासारखी. आतां नेमणुकीच्या पत्रावर मुंबईचें, पुण्याचें, कधीं रत्नागिरीचें नांव येऊं लागलें. नोकरीचें जेवण हें निरोपाचें जेवण झालें. बेतहि त्यामुळें बदलला. पंगतीपुरतें रांधून भागेना. गाडींत दोन दिवस टिकेल असें कांहीं बरोबर द्यावें लागे. दुधांत भिजविलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, जवसाची चटणी, आणि पुरण कोरडें आटवून केलेल्या, मुद्दाम जास्त भाजलेल्या पोळ्या. अकोल्याच्या आणि बडनेऱ्याच्या फलाटांवर कितीतरी मुलांनीं पहिल्या नोकरीचा हुकूम खिशांत आणि हें फडकें मांडीवर घेऊन गाडीची वाट पाहिली आहे.

मग नेमणुकीचीं पत्रें मुलींच्या नांवानें येऊं लागलीं. आधीं शिक्षिका आणि परिचारिका, मग टपाल आणि बँका, मग तहसील कचेऱ्या, न्यायालयें. येथें जुन्या पंगतीपुढें एक अडचण उभी राहिली, जिचा विचार तिनें कधीं केला नव्हता. आजवर जिच्या यशाचें जेवण असे ती व्यक्ति पाटावर बसे आणि घरांतल्या बायका रांधीत. आतां यश मिळविणारीच त्या बायकांपैकीं एक होती. कांहीं घरांत, ज्या दिवशीं तिला बातमी कळली त्याच दिवशीं, तिनेंच पदर खोंवून आपल्या नोकरीचा स्वयंपाक केला आणि नेहमींप्रमाणें शेवटच्या पंगतीला बसली. तिला त्यांत कांहीं वावगें वाटलें नसेल, इतरांना तर नाहींच नाहीं.

वऱ्हाडच्या सुदैवानें त्याच्याजवळ पुरणाखेरीज दुसरेंहि एक आनंदाचें जेवण आहे, आणि तें चुलीवर होत नाहीं. नवस फिटला, पीक आलें, मारुतीला बोललेलें पुरें झालें, म्हणजे शेतांत अथवा देवळापुढें रोडगे करावयाचे. जाडसर कणकेच्या पाऱ्या एकांत एक घालून मुठीएवढे गोळे वळतात आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजतात. बरोबर आलू-वांग्याची झणझणीत भाजी आणि तुरीचें वरण. या जेवणाची रीत अशी कीं जाळ बहुधा पुरुष सांभाळतात. निखारा केव्हां पसरावा, रोडगा केव्हां उलटावा, यावर तेथें म्हाताऱ्या-तरण्यांत जो वाद चालतो तो ऐकण्यासारखा असतो. नोकरीनिमित्त दूर गेलेलीं मुलें-मुली गांवीं आलीं कीं हाच बेत ठरतो. लेकीच्या नेमणुकीचें जेवण करावयाचें तर याहून सोयीचा बेत नाहीं. गोवऱ्या दुपारींच रचून ठेवतात. संध्याकाळीं बाप आणि भाऊ रोडगे राखेंतून काढतात, फडक्यावर आपटून राख झाडतात, आणि फोडून त्यांत तूप ओतून पहिलें पान जिची नोकरी तिच्यापुढें ठेवतात. तिची आई तेव्हां शेजारच्याच पानावर बसलेली असते.